चार नंबरचा निरोप समारंभ

आमच्या सोसायटीत स्पार्क प्लगचा निरोप समारंभ होत असे. बँकेत डबा खाताना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा टेबलावरचे सगळे माझ्याकडे काळजीने बघू लागले. पण त्यात तिखटमीठ अजिबात नव्हतं. नारळ असे, शाल असे, प्रास्ताविक, मनोगत, आभारप्रदर्शन सगळं रीतसर असे आणि शेवटी बटाटेवडा. सत्कारमूर्ती तेवढी स्टीलच्या ताटलीत आडवी पडलेली असे. बोटभर लांबीची, टोकाला झिजलेली, काळीठिक्कर.

ही सगळी करणी आस्थापनाकाकांची. नाव त्यांचं वेगळं होतं, पण नारायण पेठेतली आमची अख्खी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत त्यांची सगळी नोकरी गेली. कोण कधी लागला, कोण कोणाच्या वर, कोणाची बढती अडली आणि कोण कुठल्या महिनाअखेरीला घरी जाणार, हेच त्यांचं जन्मभराचं काम. स्वतः निवृत्त झाले आणि हाताखाली माणसं उरली नाहीत. तेव्हा ती त्यांनी गाडीच्या इंजिनात शोधून काढली.

गाडी पांढरी, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची. इतकी चाललेली, की किलोमीटर मोजणारे आकडे संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते. काका त्याला गाडीची षष्ट्यब्दी म्हणत. अशा गाडीत प्रत्येक सिलिंडरला एक प्लग असतो. त्याने ठिणगी टाकली की पेट्रोल पेटतं आणि गाडी पुढे जाते. टोक झिजलं की ठिणगी चुकते, गाडी धक्के देते, पेट्रोल पिते आणि मग प्लग बदलावा लागतो. बाकीच्या जगात हे चहा निवायच्या आत होणारं काम आहे. काकांकडे ती सेवानिवृत्ती होती.

मी अकोल्याहून बदली होऊन आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. सामान अजून खोक्यांत होतं तेव्हाच दारावरची बेल वाजली. समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर चढवलेला चष्मा.

"आपण नवीन दिसता. उद्या महिनाअखेर. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये दोन नंबरचा निरोप समारंभ आहे. यावं."

मला वाटलं, दोन नंबरच्या फ्लॅटमधलं कोणी निवृत्त होतंय. आमच्याकडची रीत म्हणून मी गुलाबांचा गुच्छ घेऊन गेले. खुर्च्या मांडल्या होत्या, चार-सहा बिऱ्हाडं जमली होती, सगळ्यांचे चेहरे समारंभाला असतात तसे गंभीर. मी हळूच विचारलं, "ते कुठे आहेत?" काकांनी ताटलीकडे हात केला. मी ताटलीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं. शेवटी गुच्छ ताटलीशेजारी ठेवून दिला. दुसरं काय करणार?

काकांना भरून आलं. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "वऱ्हाडातली माणसं कशी मोकळ्या मनाची असतात." त्या दिवसापासून आभारप्रदर्शन माझ्याकडे लागलं. पुण्याची माणसं आभारसुद्धा हातचं राखून मानतात, असं काकांचं मत होतं. ते स्वतः सात पिढ्यांचे पुणेकर असल्यामुळे मी वाद घातला नाही.

काकांचा मुख्य नियम असा, की प्लग एका वेळी एकच बदलायचा. जो सगळ्यांत जुना, तो आधी जाणार. त्याच्या जागी नवा येणार, तो खालून सुरुवात करणार. या नियमावर पहिला घाव घातला तो रफीकभाईंनी. रफीकभाईंचं गॅरेज कसबा पेठेत, एका गाडीलाही अंग चोरून उभं राहावं लागेल एवढं. माणूस मात्र ऐसपैस, बोलायला बसला की गिऱ्हाईक उठून जाईपर्यंत बोलणारा.

"काका," रफीकभाई म्हणाले, "चारही एकदम बदलायचे असतात. सेट येतो, सेट. एक नवा, तीन जुने, म्हणजे गाडी लंगडणार."

"एकदम चारही नवे?" काका म्हणाले. "आणि कामाची माहिती कोण देणार त्यांना?"

"माहिती कसली काका? ठिणगी मारायची."

"तेच म्हणतोय. ठिणगी कधी मारायची आणि कधी थांबायचं, हे जुन्यांकडे बघूनच कळतं. माझ्या शाखेत एकदा असंच चार नवे एकदम भरले होते. महिनाभर कोणाचा पगार निघाला नाही."

रफीकभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. पुढे पुढे रफीकभाईंनाच हे प्रकरण आवडायला लागलं. समारंभाला ते धुतलेला शर्ट घालून, अत्तर लावून येत, आणि काढलेल्या प्लगबद्दल दोन शब्द बोलत. "दोन नंबरने कधी तकलीफ दिली नाही," असं म्हणत एकदा त्यांनी ताटलीतला प्लग रुमालाने पुसला. "शेवटी शेवटी ठिणगी चुकायची, पण तक्रार नाही केली बिचाऱ्याने." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माणूस कशाचा भाग होऊन बसेल, सांगता येत नाही.

नवा प्लग बसला की तो काही दिवस परिविक्षाधीन असे. त्या काळात घाट नको, लांबचा पल्ला नको, एसी नको. "अजून रुळलेला नाही तो," काका म्हणत. रोज सकाळी बॉनेट उघडून त्याच्यासमोर जरा वेळ उभे राहत. काय बोलत ते ऐकू येत नसे, पण चेहऱ्यावरून उत्तेजनपर असावं. एकदा अशाच काळात काकू गाडी घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आल्या, तर काका रात्री जेवले नाहीत.

हो, गाडी काकू चालवायच्या. हे कळायला मला बरेच दिवस लागले. काकांना गाडी चालवता येतच नव्हती. शिकले नव्हते, लायसन्स नव्हतं, हवंही नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "चालवणं हे कार्यकारी काम. मी प्रशासनात." गाडीत ते नेहमी डावीकडे बसत, मांडीवर हात, डोळे मिटलेले. इंजिनाचा आवाज ऐकत आणि मधूनच अहवाल देत. "तीन नंबरचं आज मन लागत नाहीये." काकू उंचीने लहान, सीटवर उशी घेऊन बसणाऱ्या, आणि लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून अशी गाडी काढायच्या की रिक्षावाले बाजूला होत. अहवालावर त्या एवढंच म्हणत, "लागेल."

माझ्या स्कूटरवर काकांचा विशेष राग होता. तिला एकच प्लग असतो हे त्यांना कळलं तेव्हा ते खरोखर अस्वस्थ झाले. "एकच कर्मचारी? अहो, मग त्याला रजा कधी देता?" मी म्हटलं, रविवारी मी कुठे जात नाही. हे मी आपलं विषय संपवायला म्हटलं होतं. पण त्यानंतर एका रविवारी मी कोथिंबीर आणायला स्कूटर काढली तर काका फाटकाशी उभे. नुसते स्कूटरकडे बघत राहिले, अशा नजरेने की मी ती परत लावली आणि मंडईत चालत गेले. तेव्हापासून माझे रविवार पायीच जातात.

आणि मग चार नंबर. चार नंबरचा प्लग इंजिनाच्या अगदी मागच्या बाजूला, जिथे हात जायचा तर खरचटूनच जायचा. गाडी शोरूममधून आली तेव्हापासून तो तिथेच होता. एक, दोन, तीन बदलत राहिले. चार नंबर पहिल्या दिवसापासूनचा. काका त्याला दरवर्षी मुदतवाढ देत. त्याची वरची रबरी टोपीसुद्धा कोणाला काढू देत नसत. कोणी म्हणालं, एवढ्या जुन्या गाडीत एवढा जुना प्लग चालतो कसा, तर काकांची छाती फुगे. "मान दिला की माणूस काम करतो," ते म्हणत. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान चार नंबरवर उभं होतं. नोकरीत ज्यांनी त्यांचं ऐकलं नाही त्या सगळ्या वरिष्ठांना चार नंबर हे त्यांचं उत्तर होतं.

अडचण आली ती गाडीची मुदत संपत आली तेव्हा. जुन्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, त्यासाठी ती तपासणीला न्यावी लागते, आणि तिथे धूर मोजतात. आमची गाडी तेव्हा उभ्या उभ्या थरथरायला लागली होती. पेट्रोल पंपावर धूर तपासणाऱ्याने नळी लावली, आकडा बघितला, आणि काकूंना म्हणाला, "आजी, ही गाडी नाही, ही भट्टी आहे." रफीकभाईंनी कान लावून ऐकलं. चार नंबर ठिणगी टाकत नव्हता. बाकीचे तीनही थकलेच होते. चारही बदलले नाहीत तर गाडी नापास होणार आणि भंगारात जाणार, इतकं ते साधं होतं.

गाडी गेली असती तर काकूंचा गुरुवार गेला असता. काकूंची मोठी बहीण, माई, विश्रांतवाडीला राहत. अंथरुणाला खिळलेल्या, आणि आता माणसंही ओळखेनाशा झालेल्या. स्वतःचा मुलगा समोर आला तरी "आपण कोण?" म्हणत. ओळखायच्या फक्त या गाडीचा हॉर्न. दर गुरुवारी काकू फाटकाशी दोनदा हॉर्न वाजवायच्या, आणि माई आतून म्हणायच्या, "आली." मग आत गेलेल्या काकू कोण हे त्यांना कळत असे. एकदा गाडी कामाला दिली होती म्हणून काकू रिक्षाने गेल्या, तर माईंनी त्यांच्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. परक्या बाईच्या हातून कसं घेणार? म्हणून दुसरी गाडी, कॅब, कशाचाच उपयोग नव्हता. हीच गाडी हवी होती.

काकांना हे सगळं ठाऊक होतं. पण तत्त्व मधे येत होतं. त्यांनी आधी चार नंबरला वैद्यकीय रजा सुचवली. मग त्याचं काम बाकीच्या तिघांत वाटून देता येईल का, असं रफीकभाईंना विचारलं. रफीकभाईंनी डोक्याला हात लावला, आणि हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. त्यांची भीती वेगळीच होती. "काका, जो प्लग इतकी वर्षं हलला नाही, तो आत जाम झाला असणार. जोर लावला आणि आटे तुटले, तर इंजिनचं डोकं काढावं लागेल. या वयात ते परत बसेल याची गॅरंटी मी देत नाही." म्हणजे काढला नाही तर गाडी जाणार, आणि काढताना तुटला तरी गाडी जाणार.

आठवडाभराने काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "गाडी गेली तर मी माईकडेच राहायला जाईन. एकदाच रिक्षा करावी लागेल." काकांनी त्याच महिन्याची अखेर ठरवली.

समारंभ असा दुसरा झाला नाही. चार नंबरसाठी काकांनी खास पैठणी काठाची शाल आणली, सतरंजी अंथरली, शेजारच्या इमारतीतली माणसंही बोलावली. रफीकभाईंनी चार-पाच दिवस आधीपासून प्लगच्या मुळाशी तेल सोडून ठेवलं होतं. गाडी सकाळपासून थंड उभी होती, कारण गरम इंजिनात पाना लावला की आटे जाण्याची भीती जास्त. काका भाषणाला उभे राहिले. "पहिल्या दिवसापासून एकाच जागेवर. एकही रजा नाही. बढतीची मागणी नाही. असा सहकारी पुन्हा होणे नाही." पहिल्या रांगेतल्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. काकू मात्र बसल्या नव्हत्या. खांबाला टेकून उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. प्लग तुटेल म्हणून घाबरल्या असतील, असं मला वाटलं.

रफीकभाईंनी बिस्मिल्ला म्हणून प्लगवरची टोपी काढली, लांब पाना आत घातला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. आणि पाना फिरला. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं इतका सहज फिरला. रफीकभाई जोराच्या भरात पुढे जाऊन उघड्या बॉनेटवरच आपटले. मग त्यांनी हाताने प्लग बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"काका," ते म्हणाले, "हा तो नाही."

"म्हणजे?"

"गाडीबरोबर येतो तो वेगळ्या कंपनीचा असतो. यावर भलतंच नाव आहे. हा मागाहून बसवलेला आहे." आणि मग त्यांचा आवाज चढला. "कोणाचा हात लागला माझ्या गाडीला?"

"मी बदलून घेतला," खांबापासून काकू म्हणाल्या.

काकूंनी थोडक्यात सांगितलं. माईचं ऑपरेशन झालं त्या वर्षी, विश्रांतवाडीच्या वाटेवर गाडी बंद पडली. तिथल्या एका मेकॅनिकने बघितलं, चार नंबर मेलेला होता, त्याने नवा घातला.

"म्हणजे इतकी वर्षं मी मुदतवाढ कोणाला देत होतो?" काकांनी विचारलं.

"यालाच."

"आणि पहिला?"

"त्या माणसाने भंगाराच्या डब्यात टाकला."

"समारंभ न करता?"

"अहो, पाऊस पडत होता," काकू म्हणाल्या.

काकांनी ताटलीकडे बघितलं, शालीकडे बघितलं. मग नारळ उचलला, काखेत मारला आणि जिना चढून घरी गेले. रफीकभाई अजून स्वतःच्याच दुःखात होते. "काकू, मला एक फोन नाही करायचा? मी भर पावसात आलो असतो!" काकूंनी त्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, "चारही नवे बसवा." ते बसले. बटाटेवडेही संपले. पुण्यात समारंभ फसला म्हणून वडे उरत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून काका रजेवर गेले. तसं त्यांनी जाहीरच केलं, "मी अर्जित रजेवर आहे." गाडीजवळ फिरकत नव्हते, बॉनेट उघडत नव्हते, काकूंशी कामापुरतं बोलत होते. मी एकदा भाजी द्यायला गेले तर खिडकीत बसले होते, पांढऱ्या शर्टाऐवजी बनियनवर. "काय काका, कसे आहात?" म्हटलं. "ज्याच्या जिवावर बोलत होतो तो तिथे नव्हताच," ते म्हणाले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. भाजीचा डबा ठेवून मी आले.

तपासणीच्या दिवशी काकूंनी मला सोबतीला बोलावलं. मी बँकेत सुट्टी टाकून मागच्या सीटवर बसले. काकूंनी इंजिन सुरू केलं. थरथर नाही, धक्का नाही, नुसता एक सपाट आवाज. पण काकू गाडी हलवेनात. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मग त्यांनी पार्किंगमध्येच हॉर्न दिला. दोनदा.

जरा वेळाने जिन्यावर चपलांचा आवाज आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. काका डावीकडचं दार उघडून बसले.

"रजा संपली?" काकूंनी विचारलं.

"रद्द केली. कामाची निकड आहे."

त्यांनी डोळे मिटले आणि ऐकायला लागले. लक्ष्मी रस्ता गेला, नदीवरचा पूल गेला. कसलाच अहवाल नाही. मला राहवेना. "काका, कोण कसं काम करतंय?" "चौघेही बरोबर करतायत," ते नाराजीने म्हणाले. "शिकवायला कोणी नसताना."

पुढे विश्रांतवाडीच्या वाटेवर एक उड्डाणपूल लागतो. त्याच्या चढाला गाडी लागली तेव्हा काकांनी डोळे उघडले. प्रवासात त्यांचे उघडे डोळे मी प्रथमच बघत होते.

"इथेच का?"

"इथेच."

"गाडी नुसती बंद पडली?"

"बंद पडली आणि मागे घसरायला लागली. हँडब्रेक धरत नव्हता. मागे ट्रक होता."

"किती मागे?"

"आरशात त्याच्या ड्रायव्हरच्या मिशा दिसत होत्या."

चढ संपला, उतार लागला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. घरी आले तर तुम्ही दारातच म्हणालात, आज चार नंबरला मुदतवाढ मंजूर केली. पेढे आणले होतेत. काय सांगणार?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं." मागच्या सीटवर मी अंग चोरून बसले. हे दोन शब्द त्यांच्या कार्यालयातल्या कोणी ऐकले नसतील, गल्लीतल्या तर नक्कीच नाही. काकू म्हणाल्या, "असू दे." आणि गिअर बदलला.

गाडी पास झाली. धुराच्या यंत्राजवळच्या अधिकाऱ्याने काकांना विचारलं, "आजोबा, गाडी तुम्ही चालवता?" काका म्हणाले, "नाही. मी फक्त निवृत्त करतो." अधिकाऱ्याने काकूंकडे बघितलं, काकूंनी मान हलवली, आणि त्याने कागद परत दिले. तिथून आम्ही तसेच विश्रांतवाडीला गेलो. फाटकाशी काकूंनी दोनदा हॉर्न दिला. आतून माईंचा आवाज आला, "आली." काका पुढे बसून मोठ्यांदा रडले. कारण विचारलं तर म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलं. काचा बंद होत्या.

त्यानंतर प्लग चारही एकदम बदलायचे ठरलं, आणि समारंभ सामुदायिक झाला. एकच नारळ, एकच शाल, चार ताटल्या. रफीकभाईंचं भाषण त्यामुळे चौपट लांबलं. माई गेल्या, तरी गाडी राहिली. मग गेल्या वर्षी काका गेले. झोपेत, कोणाला न सांगता, महिना अर्धा राहिलेला असताना. अशी रीत त्यांनी आयुष्यात कधी मोडली नव्हती. मला ते फार आवडायचे. बँकेत कोणी निवृत्त होतो आणि आम्ही पाच मिनिटांत केक कापून पुन्हा काउंटरवर जाऊन बसतो, तेव्हा मला त्यांची आठवण येते आणि आमचीच लाज वाटते.

शोकसभा पार्किंगमध्येच झाली. सतरंजी तीच, माणसं तीच. प्रत्येकाने काकांबद्दल एकेक किस्सा सांगितला, आणि रडायला आलेले लोक हसून हसून बेजार झाले. रफीकभाई तर चार नंबरचा पाना कसा फिरला ते करून दाखवताना पुन्हा बॉनेटवर आपटले. मग कोणीतरी म्हणालं, काकूंनी दोन शब्द बोलावेत.

काकू उभ्या राहिल्या. "तुम्ही सगळे हसलात, बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "ते होतेच तसे. इंजिनात काय चाललंय याची त्यांना जन्मभर काळजी. पण मी बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. आमच्या घराण्यात तोवर बायकांनी सायकल चालवली नव्हती. पहिल्या दिवसापासून ते माझ्या शेजारी बसले ते डोळे मिटून. मी फुटपाथवर चढवली, खांबाला घासली, एकदा तर बसच्या समोर थांबवली. पण त्या सीटवर बसून ते मला कधीही 'जपून' म्हणाले नाहीत."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. चहाचे कप भरून ठेवले होते. रफीकभाईंनी पहिला कप काकूंना नेऊन दिला.